यंत्र तिकडे, हात इकडे

यावेळचा विषय जरा वेगळा आहे. दूर कुठेतरी ठेवलेलं प्रयोगाचं खरंखुरं यंत्र इंटरनेटवरून आपल्या हाताने चालवायचं आणि त्यातून विज्ञान शिकायचं, याची ही गोष्ट. विषय आहे कॉम्प्युटरचा, पण मी सिंधुदुर्गातला माणूस, त्यामुळे सुरुवात किल्ल्यापासूनच होणार. त्याला इलाज नाही :)

विजयदुर्ग किल्ल्यात काही कट्टे आहेत. गावात त्यांना 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. पाहुण्यांना सांगितलं जातं ते असं, की १८६८ साली नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने इथे दुर्बीण लावून सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियमचा शोध लावला. १८ ऑगस्ट हा दिवस तिथे हेलियम दिवस म्हणून साजराही होतो. लहानपणापासून ही गोष्ट आम्ही छाती फुगवून सांगत आलो.

आता खरा इतिहास. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण आपल्या भागातून गेलं हे खरंच. सावलीचा पट्टा दक्षिण कोकणातून घाट चढून विजापूर, जमखंडीवरून थेट गुंटूर, मछलीपट्टणपर्यंत गेला. फ्रान्सचा जान्सन त्यासाठी गुंटूरला येऊन बसला होता. पण लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडातच होता. त्याने मागवलेला वर्णपटदर्शक वेळेवर तयार झाला नव्हता. तो हातात आल्यावर २० ऑक्टोबर १८६८ रोजी, म्हणजे ग्रहण होऊन दोन महिने झाल्यावर, त्याने इंग्लंडातूनच भर उजेडात सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. ग्रहण नसतानाही हे करता येतं, हे जान्सनलाही गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली आणि पुढे फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेलं एक पदक काढलं. त्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. ग्रहणाच्या वेळी ती काहीजणांना दिसली होती, पण सोडियमची वाटली. लॉकियरने नीट मोजून दाखवलं की ती सोडियमच्या जोडरेषांच्या जागी बसत नाही. मग सूर्यावर एक नवं मूलद्रव्य मानावं लागलं, आणि ग्रीक 'हेलिऑस' वरून त्याला नाव पडलं हेलियम. पृथ्वीवर ते हाती यायला १८९५ साल उजाडलं. रॅम्झेला ते युरेनियमच्या एका खनिजात सापडलं.

मग कट्टे? लॉकियर विजयदुर्गला आला होता, नक्की आला होता. पण १८९८ साली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्याने आपली छावणी विजयदुर्गलाच टाकली होती. सोबत 'मेल्पोमीन' ही आरमारी बोट होती. त्यावरचे खलाशी आणि अधिकारी त्याने कामाला लावले. आधी कितीतरी वेळा तालीम घेऊन कोणी कोणत्या क्षणी कोणतं झाकण उघडायचं, कोणती काच बदलायची, कोणी सेकंद मोजायचे, हे त्यांच्या अंगवळणी पाडलं. खग्रास अवस्था होती फक्त दोनेक मिनिटांची. त्याच ग्रहणासाठी आपल्या पुण्याचे प्रा. कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. म्हणजे कट्ट्यांचा लॉकियरशी संबंध लावायचाच तर तो १८९८ शी लागतो, हेलियमशी नाही.

गावची गोष्ट थोडी उसवली म्हणून कोणी रागावू नका. मला तर खरी गोष्ट जास्तच आवडते. एक म्हणजे हेलियम सापडला तो सूर्यापासून पंधरा कोटी किलोमीटर दूर बसून, नुसत्या प्रकाशाच्या रेषेवरून. आणि दुसरं, विजयदुर्गला यंत्रांना हात लावणारे बहुतेक लोक शास्त्रज्ञ नव्हतेच, ते खलाशी होते. यंत्र कुठे आहे, ते कोणाच्या हातात आहे आणि प्रश्न कोणाच्या डोक्यात आहे, या तीन गोष्टी एकाच जागी असायलाच हव्यात असं नाही, हे त्या दोन मिनिटांत आमच्या किनाऱ्यावर दिसून गेलं होतं. आजच्या विषयाचं बीज मला तिथे दिसतं.

आता या तीन गोष्टी शाळेत कशा असतात बघा. मी मालवणजवळच्या एका हायस्कुलात शिकलो. नाव नको. प्रयोगशाळा होती, म्हणजे एक कपाट होतं आणि कपाटाला कुलूप होतं. किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये. आत एक छानसा गॅल्व्हानोमीटर होता. तो वर्षातून एकदा बाहेर यायचा, सर टेबलावर ठेवायचे, आम्ही चाळीसजण लांबून बघायचो आणि जर्नलमध्ये पेन्सिलीने त्याची आकृती काढायचो. निरीक्षणांचे आकडे फळ्यावरच लिहिलेले असायचे. सर वाईट नव्हते हो. काच फुटली तर नवी आणायला पैसे नाहीत, ही त्यांची खरीखुरी काळजी होती. पण परिणाम असा झाला की विज्ञान म्हणजे 'आधीच ठरलेलं उत्तर सुवाच्य अक्षरात लिहिणं' हेच डोक्यात बसलं. माझ्या पिढीतल्या कोकणातल्या बऱ्याच जणांची गोष्ट याहून फार वेगळी नसावी.

हे कुलूप उघडायची एक विचित्र वाट नव्वदच्या दशकात सापडली. विचित्र अशासाठी, की कपाट उघडायचंच नाही, भिंतीतून तार आत सोडायची! १९९१ मध्ये केंब्रिजच्या कॉम्प्युटर विभागातल्या लोकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला. दुसऱ्या खोलीतून उठून जावं आणि भांडं रिकामं निघावं, हा मनस्ताप टाळायला. १९९३ मध्ये तेच चित्र वेबवर आलं आणि जगभरचे लोक त्या कॉफीकडे बघत बसले. पण नुसतं बघणं वेगळं आणि हात लावणं वेगळं. १९९३ च्याच सुमारास इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डची दुर्बीण दूरवरून आलेल्या विनंत्यांप्रमाणे आकाशाचे फोटो काढू लागली. १९९४ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातला यंत्रमानवाचा हात वेबवरून कोणालाही हलवता येऊ लागला. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात केन गोल्डबर्ग आणि मंडळींनी 'टेलिगार्डन' केलं. खरी बाग, खरी माती, आणि कुठल्याही देशातल्या माणसाने यंत्राच्या हाताने तिथे बी पेरायचं, पाणी घालायचं.

हे सगळं गमतीचं होतं. शिकवण्यासाठी याचा पद्धतशीर वापर करणारे एक मोठं नाव म्हणजे एमआयटीचे प्राध्यापक हेसुस देल आलामो. ट्रान्झिस्टरची वैशिष्ट्यं मोजायचं महागडं यंत्र एकच आणि विद्यार्थी ढिगाने. १९९८ मध्ये त्यांनी ते यंत्र वेबला जोडलं. विद्यार्थी रात्री दोन वाजता वसतिगृहातून ट्रान्झिस्टर मोजू लागले. पुढे यातून 'आयलॅब्स' हा मोठा प्रकल्प उभा राहिला. स्वीडनमध्ये ब्लेकिंग इथल्या इंग्वार गुस्ताव्हसन यांनी तर आणखी मजा केली. पडद्यावर तुम्ही माऊसने तारा जोडता, आणि तिकडे रिले खटाखट बंद-चालू होऊन खरंच तेच सर्किट जुळतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठाने किरणोत्साराचा प्रयोग जोडला. स्ट्राँशियमचा स्रोत, समोर गायगर काउंटर, आणि अंतर बदलायला मोटर. शाळेतल्या मुलांच्या हाती किरणोत्सारी पदार्थ कोण देणार? पण असा दुरून दिला तर चालतो.

आपल्याकडे? आपल्याकडेही झालं, आणि चांगलं झालं. २००९ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानात 'व्हर्च्युअल लॅब्स' हा प्रकल्प आला. आयआयटी दिल्लीच्या पुढाकाराने बारा संस्था एकत्र आल्या. त्यात मुंबईची आयआयटी होती, आणि पुण्याचं सीओईपीसुद्धा. त्यातले पुष्कळसे प्रयोग सिम्युलेशनचे, म्हणजे पडद्यावरच घडणारे होते. पण काही 'रिमोट' होते, म्हणजे खरं यंत्र दूर ठेवलेलं. शाळेच्या मुलांसाठी अमृता विद्यापीठ आणि सीडॅक मुंबईने 'ओलॅब्स' केलं, तेही मुख्यतः सिम्युलेशनच, पण मराठीतही आहे.

मला सर्वांत भावलेला प्रयोग मात्र पवईचा. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या गटाने २०१० च्या सुमारास एक छोटंसं यंत्र बनवलं. नाव 'सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम'. एका बोर्डावर स्टीलची लहानशी पट्टी, तिला तापवायला नायक्रोमच्या तारेची कॉइल, थंड करायला छोटा पंखा, तापमान सांगायला एक सेन्सर आणि हे सगळं सांभाळणारा मायक्रोकंट्रोलर. बस्स. इस्त्री आणि टेबलफॅन यांचं लग्न लावलं की जे होईल ते! अशी अनेक यंत्रं रांगेत ठेवून सर्व्हरला जोडली. विद्यार्थ्याने वेळ राखून ठेवायची, आणि आपल्या वेळेत ते यंत्र त्याचं. मोफत मिळणाऱ्या सायलॅबमध्ये त्याने प्रोग्राम लिहायचा. तो चालायचा विद्यार्थ्याच्याच कॉम्प्युटरवर. तिकडून तापमान यायचं, इकडून हीटर किती आणि पंखा किती याचे आकडे जायचे. म्हणजे पट्टी पवईत आणि तिचं डोकं घरी. पट्टीचं तापमान हवं तिथे आणून स्थिर ठेवायचं, एवढंच काम. पण रासायनिक कारखान्यातला रिअ‍ॅक्टर असो की घरातला एसी, नियंत्रणाचं शास्त्र हेच.

माझी एक भाची तेव्हा इंजिनियरिंगला होती. तिच्या सरांनी नोंदणी करून दिली होती. सुट्टीत मालवणला आली असताना तिला रात्री अकराची वेळ मिळाली. आमचं नेट तेव्हा बेभरवशाचं, पण त्या रात्री चाललं. तिने हीटरचा आकडा वाढवला आणि पडद्यावरची रेघ हळूहळू वर चढायला लागली. आधी भराभर, मग सावकाश, मग थबकली. तिने पंखा वाढवला. रेघ खाली वळली. माझी आई पाठीमागे उभी राहून बघत होती. तिने विचारलं, "गे बाय, थयसर तां खरांच तापता काय?" भाची म्हणाली, "होय गे आजी, खराच." आई म्हणाली, "मगे लायट गेली तर?"

हसू नका. आईने दोन वाक्यांत या सगळ्या विषयाचे दोन्ही मोठे प्रश्न विचारून टाकले. खरंच तापतं का? आणि लाईट गेली तर?

पहिला प्रश्न आधी घेऊ. खरंच तापतं की नाही याने काय फरक पडतो? पडद्यावर रेघ तर तशीही दिसते. फरक भाचीला दुसऱ्या रात्री कळला. तिने अगदी तेच आकडे दिले, आणि रेघ आदल्या रात्रीपेक्षा थोडी वेगळी आली. ती वैतागली. प्रोग्राम तोच, आकडे तेच, मग उत्तर वेगळं का? म्हणून ती विचार करायला लागली. खोलीचं तापमान वेगळं असेल? पट्टी आधीच्या विद्यार्थ्याने तापवून ठेवली असेल, पूर्ण थंड झाली नसेल? नेट मंद असल्याने आकडे उशिरा पोचले असतील? अर्धा तास ती हेच करत होती. मंडळी, मला विचाराल तर त्या अर्ध्या तासात तिने जे शिकलं ते आमच्या फळ्यावरच्या आकड्यांनी दहा वर्षांत शिकवलं नाही. सिम्युलेशनमध्ये जे सूत्र आत घातलं तेच बाहेर येतं. कोणी मुद्दाम गोंधळ घातला तरी तो माणसाने घातलेला गोंधळ असतो. खरी पट्टी मात्र सूत्राचं ऐकत नाही, सूत्राला तिचं ऐकावं लागतं. लॉकियरची पिवळी रेषा सोडियमच्या जागी बसली नाही, तीही अशीच. सिम्युलेशनमध्ये हेलियम कधीच सापडला नसता, कारण ते लिहिणाऱ्याने सोडियमच लिहिला असता.

म्हणून माझ्या मते 'व्हर्च्युअल' आणि 'रिमोट' या दोन शब्दांची सरमिसळ होऊ देऊ नये. सिम्युलेशन टाकाऊ नाही. समज यायला, हात बसायला ते उत्तम. पण ते चित्र आहे. दूरचा प्रयोग ही खिडकी आहे.

आता असाही प्रयोग आहे जो दुरूनच होऊ शकतो, जवळून होऊच शकत नाही. लंबक! १६७२ मध्ये रिशेर नावाचा फ्रेंच माणूस दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला आणि त्याचं लंबकाचं घड्याळ रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. त्यातून कळलं की गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही. विषुववृत्ताकडे ते थोडं कमी. जर्मनीतल्या कायझरस्लाउटर्नच्या भौतिकीच्या शिक्षकांनी 'जागतिक लंबक' ही कल्पना मांडली आणि पुढे लिस्बनच्या मंडळींनी ती वाढवली. वेगवेगळ्या अक्षांशांवर सारखे लंबक टांगायचे, इंटरनेटला जोडायचे आणि मुलांनी घरबसल्या एकेक चालवून वेळ मोजायची. मी मालवणसाठी कागदावर हिशोब केला. आपला अक्षांश साधारण १६. तिथे गुरुत्वत्वरण येतं ९.७८४ च्या आसपास. ६० अक्षांशावर, म्हणजे नॉर्वे-स्वीडनच्या बाजूला, ९.८१९. एक मीटरचा लंबक मालवणात शंभर हेलकावे घ्यायला तिकडच्यापेक्षा साधारण ०.३६ सेकंद जास्त घेईल. पुस्तकातलं '९.८' म्हणजे नुसता सोयीचा आकडा, प्रत्येक गावाचा स्वतःचा आकडा असतो, हे मुलाला स्वतः मोजून कळलं तर काय बहार येईल!

दुर्बिणीही आता अशाच चालतात. लडाखमध्ये हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर दोन मीटरची 'हिमालयन चंद्र' दुर्बीण आहे. ती बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहाच्या दुव्यावरून चालवली जाते. २०१८ मध्ये तिथेच भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांची 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण सुरू झाली. १८९८ ला बोट भरून यंत्रं विजयदुर्गला आणावी लागली, आता माणूस जागचा हलत नाही.

आता आईचा दुसरा प्रश्न. लाईट गेली तर?

हा प्रश्न कोकणात कोणी विनोदाने विचारत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नेटवर्कसाठी डोंगर चढणारी आपल्या जिल्ह्यातली मुलं बातम्यांत सगळ्यांनी पाहिली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा मालवण-देवगड-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात कितीतरी गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. अशा वेळी पवईतली पट्टी तापली काय आणि न तापली काय. ज्याच्याकडे वीज आणि नेट पक्कं, त्यालाच खिडकी. बाकीच्यांसाठी पुन्हा कपाट आणि कुलूप, फक्त कुलूप आता दिसत नाही.

आणि याहून मोठी भीती मला दुसरीच वाटते. उद्या कोणी कारभारी म्हणेल, "सगळे प्रयोग ऑनलाइन आहेत ना? मग खेड्यातल्या शाळेला प्रयोगशाळेचा खर्च कशाला?" शहरातल्या मुलाला खरी परीक्षानळी आणि कोकणातल्या मुलाला तिचा व्हिडीओ, अशी वाटणी व्हायला वेळ लागणार नाही. हाताला चटका बसणं, द्रावण सांडणं, वास येणं, तार उलटी लागली म्हणून काहीच न होणं... हे दुरून येत नाही. दहावीपर्यंतच्या मुलाला आधी हे हवं. लिंबात तांब्याचा आणि जस्ताचा तुकडा खुपसायला आयआयटी लागत नाही. दूरचा प्रयोग हा त्याच्या पुढचा मजला आहे. तळमजला काढून तो बांधता येत नाही.

मग वाट कोणती? मला ती आफ्रिकेत दिसली. एमआयटीच्या आयलॅब्सशी २००५ च्या सुमारास नायजेरियातलं इले-इफे इथलं ओबाफेमी अवोलोवो विद्यापीठ, युगांडाचं मकेरेरे आणि टांझानियाचं दार-एस-सलाम विद्यापीठ जोडली गेली. नेट फारच अरुंद, वीज बेभरवशाची. पण तिथली मुलं नुसती बोस्टनची यंत्रं वापरत बसली नाहीत. इले-इफेच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी स्वतःची प्रयोगशाळा बांधली आणि जाळ्यावर चढवली. आधी ते पाहुणे होते, आता यजमान झाले.

हेच मला आपल्या किनाऱ्यासाठी हवं आहे. पवईची पट्टी आपण वापरू, जरूर वापरू. पण आपल्याकडेही काहीतरी आहे जे पवईकडे नाही. १६ अक्षांशावरचा लंबक आहे. भरती-ओहोटी आहे. जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस आणि भिजलेली हवा आहे. मालवणच्या एखाद्या शाळेच्या भिंतीवर लंबक टांगला, जेटीच्या खांबावर पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर बसवला, तर विदर्भातली मुलगी घरबसल्या अमावास्येची भरती मोजेल. तिने समुद्र पाहिलेला नसेलही. आणि तिच्या आकड्यात काही चुकल्यासारखं वाटलं तर मालवणचा मुलगा जाऊन खांबाला काय अडकलंय ते बघून येईल. यंत्राची काळजी घेणं हेही शिकणंच आहे. मेल्पोमीनचे खलाशी तेच करत होते.

हे महाग नाही. पवईचा बोर्ड स्वस्त होता म्हणूनच अनेक बनवता आले. आज छोटे कंट्रोलर आणि सेन्सर काहीशे रुपयांत मिळतात. लाईट जाते? बॅटरी आणि सौर पॅनेल लावा. नेट जातं? आकडे साठवून ठेवा, आलं की पाठवा. हे प्रश्न सोडवणं हाच पहिला प्रयोग समजा. इंजिनियरिंगची मुलं आहेत, डिप्लोमाची आहेत, आयटीआयची आहेत. निवृत्त होऊन गावी परतलेले माझ्यासारखे रिकामटेकडे काका-मामा तर घरटी एक आहेत :)

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती आता नोकरीत आहे, कारखान्यांतल्या भट्ट्यांचं नियंत्रण हेच तिचं काम. ती म्हणाली, "मामा, लंबकाचा दोरा पावसाळ्यात ओल धरेल आणि लांबी बदलेल. तार घ्या." म्हणजे सुरुवात तर झाली. मीटरभर तार आणून ठेवली आहे. कोणाकडे जड, गोल, लोखंडी वजन पडून असेल तर कळवा. आणि कोणी शाळेत शिक्षक असाल, एखादी भिंत मोकळी असेल, तर आधी कळवा.